हेमाकाचा मस्तबा, 1:100: संच चांगला, जिना सोडून

सीताबर्डीतल्या एका हॉबीच्या दुकानात सध्या इजिप्तमधल्या सक्कारा या दफनभूमीतल्या 3035 क्रमांकाच्या थडग्याचा एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाची फळी) संच मिळतोय, किंमत 1,450 रुपये. इजिप्त म्हटलं की आपल्याकडे पिरॅमिड नाहीतर तूतनखामेन. तिथे पहिल्या राजवंशातल्या अधिकाऱ्याचं थडगं कुणी करायला घेतलं, याचं आधी मनापासून कौतुक. हेमाका हा देन राजाचा मुद्राधारी, दरबारातला फार वजनदार माणूस. आपल्या नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांपेक्षा त्याचा काळ दोनेक हजार वर्षांनी जुना.

मूळ मस्तबा, म्हणजे सपाट माथ्याचं चौथऱ्यासारखं थडगं, 57.3 बाय 26 मीटर, म्हणून संच 57.3 बाय 26 सेंमी भरायला हवा. तो भरतो. बाहेरचे कोनाडे लेझरने स्वच्छ कापलेत, आतली कोठारं मोजली तर 45 पुरी आहेत. छत चिकटवू नका, नुसतं ठेवा. नाहीतर ही कोठारं कायमची झाकली जातील.

घोळ जिन्यात आहे, आणि या थडग्यात बघायचं ते जिन्यातच. दफन झाल्याशिवाय वरचं बांधकाम पुरं करता येत नसे, ती अडचण देनच्या काळात संपली. पूर्वेकडून बाहेरूनच खाली उतरणारा जिना आला, मालक हयात असतानाच थडगं बांधून तयार ठेवता येऊ लागलं. दफनानंतर वाट अडवायला वरून जाड दगडी शिळा सोडत. संचात जिन्याऐवजी सपाट उतरती पट्टी आहे आणि शिळा नाहीतच. 2 मिमी जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकावर एक सरकवून चिकटवा, पायऱ्या होतात. शिळांसाठी उरलेल्या एमडीएफचे तुकडे घ्या. हे काम तळ बसवण्याआधीच उरका, नंतर आत बोट जात नाही.

सोबतचा पिवळा रंग वापरू नका. वरचं बांधकाम कच्च्या विटांचं होतं, मातकट करडा रंग द्या. दगडी पिरॅमिड त्यानंतर सुमारे 300 वर्षांनी आला. एमडीएफच्या कडा पाणी पितात आणि फुगतात, म्हणून आधी सँडिंग सीलरचे दोन हात मारा. मे महिन्यात फेव्हिकॉल बघताबघता सुकतो, तेव्हा एका वेळी एकच भिंत घ्या.

या थडग्यात सापडलेल्या चकतीची संचातली रेझिनची प्रतिकृती मात्र झकास उतरली आहे. मूळ चकती काळ्या स्टिएटाइटची, सुमारे 8.7 सेंमी व्यासाची, मध्ये भोक. एक कुत्रा हरणाच्या मागे धावतोय, दुसऱ्याने हरणाचा गळा धरलाय. फिकट भाग वेगळा दगड जडवून केलाय, तो फरकही इथे दिसतो.

पुस्तिकेत हे थडगं देन राजाचं म्हणून ठोकून दिलंय. 1936 मध्ये ते पूर्ण खणणाऱ्या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ वॉल्टर एमरीनेही पुढे तसं मानलं होतं, पण देनची कबर दक्षिणेकडे अबिडोसच्या राजांच्या दफनभूमीत आहे. पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत निदान हे दुरुस्त करा, आणि पायऱ्यांचे तुकडे संचातच द्या. तोवरही संच घ्यावा असाच आहे.