वर्डच्या फायली जोडून एकच इमेज: क्लाउड एपीआय घ्यायचा की आपल्याच सर्व्हरवर करायचं?

समजा, एका पतसंस्थेचं काम हातात आहे. कर्जाचा अर्ज, जामीनदाराचं संमतिपत्र आणि संचालक मंडळाचा ठराव अशा तीन वर्ड फायली. त्या जोडून प्रत्येक प्रकरणाची एकच टिफ किंवा जेपीईजी हवी, कारण पुढची सिस्टीम दुसरं काही घेतच नाही. दिवसाला दोन-तीन प्रकरणं असतील तर माणूस हाताने उरकेल. चाळीस असतील तर प्रोग्रॅम लिहावा लागतो.

क्लाउड एपीआय म्हणजे आपला प्रोग्रॅम इंटरनेटवरून जिच्याकडून काम करून घेतो अशी सेवा. अ‍ॅस्पोज वर्ड्स क्लाउडसारख्या सेवेत काम सरळ आहे. क्लायंट आयडी आणि सीक्रेट देऊन टोकन (तात्पुरता परवाना) घ्यायचं, फायली चढवायच्या, एकीच्या शेपटाला दुसरी जोडायची आणि इमेज म्हणून सेव्ह करायची. पायथन, पीएचपी, जावा, डॉटनेट यांसाठी एसडीके (सेवा वापरण्यासाठीच्या कोडचे संच) तयार असतात. सर्व्हरवर काही बसवायचं नाही; डेमो अर्ध्या दिवसात उभा राहतो.

घरचा, म्हणजे आपल्याच सर्व्हरवरचा, मार्ग तीन टप्प्यांचा. वर्डच्या फायली उघडणारं लिब्रेऑफिस हेडलेस मोडमध्ये, म्हणजे खिडकी न उघडता, चालवून पीडीएफ काढायची, पॉपलर या पीडीएफच्या साधनसंचातल्या पीडीएफयुनाइटने जोडायची, त्याच संचातल्या पीडीएफटूपीपीएमने पानांच्या इमेज करायच्या. लांबच लांब एकच इमेज हवी असेल तर शेवटी इमेज जोडणारं इमेजमॅजिक. सगळं फुकट, पण खाचखळगे आपले आपण शोधायचे. लिब्रेऑफिसला थेट पीएनजी मागितलं तर ते फक्त पहिलं पान देतं. एकाच प्रोफाइलवर (सेटिंगच्या फोल्डरवर) दोन प्रोसेस सोडल्या तर दुसरी चालत नाही. प्रत्येकीला वेगळं प्रोफाइल द्यावं लागतं. ही डोकेदुखी नको असेल तर गोटेनबर्ग बघा. डॉकरमध्ये, म्हणजे सगळं सोबत बांधलेल्या बंद डब्यात, चालतं, आतून लिब्रेऑफिसच वापरतं आणि फायली जोडून पीडीएफ देतं. इमेजचा टप्पा तेवढा आपला.

जोडणी कुठल्या पायरीवर होते, याला मी बराच भाव देतो. वर्डच्या पातळीवर जोडलं की दोन्ही फायलींतल्या ‘नॉर्मल’ स्टाइल एकमेकींना भिडतात. मूळ फॉरमॅटिंग ठेवण्याचा पर्याय निवडला नाही, तर ठरावाचा मजकूर अर्जाच्या अक्षरात येऊ शकतो. पीडीएफ झाल्यावर जोडलं तर हा प्रश्न उरत नाही. म्हणून क्लाउड घेतला तरी मी आधी पीडीएफ, मग जोडणी, मग इमेज हाच क्रम धरतो.

आता खरा कस लागतो तो फॉन्टचा. वर्डची डॉकएक्स फाइल म्हणजे झिपमध्ये बांधलेल्या एक्सएमएल फायली. पान कुठे तुटायचं हे त्यात पक्कं लिहिलेलं नसतं, ते फाइल उघडताना ठरतं. समोरच्या सर्व्हरवर मंगल फॉन्ट नसेल तर दुसरा येतो, ओळींची उंची बदलते आणि सहीची जागा एकटीच पुढच्या पानावर जाऊन बसते. मी एका सेवेची चाचणी इंग्रजी फायलींवर केली होती, सगळं सुरळीत. पहिला मराठी ठराव पाठवला आणि ‘दुसऱ्या’तला अर्धा र तुटून हलन्तासकट बाहेर आला. तेव्हापासून माझ्या चाचणीच्या फायलीत कऱ्हाड, दुसऱ्या, ज्ञानेश्वर, क्षेत्रफळ हे शब्द आणि एक तक्ता असतोच. लिब्रेऑफिस 5.3 पासून सगळ्या प्लॅटफॉर्मवर हार्फबझ हे अक्षरं जुळवणारं इंजिन वापरतं, त्यामुळे नोटो देवनागरीसारखा फॉन्ट बसवला की जोडाक्षरं नीट येतात. अ‍ॅस्पोजमध्येही आपले फॉन्ट चढवता येतात, पण फॉन्टचा परवाना त्याला मुभा देतो का, ते वाचा. जुन्या फायली श्री-लिपीच्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये असतील आणि तो फॉन्ट सर्व्हरवर नसेल तर दोन्हीकडे गिचमिडच दिसेल. तिथे ऑफिसातल्या ताईंना वर्डमधूनच पीडीएफ काढून द्यायला सांगणं सगळ्यात स्वस्त पडतं.

खर्चाचा हिशेब कॉलवर, म्हणजे सेवेला केलेल्या प्रत्येक विनंतीवर, असेल तर कागदावर मांडून बघा. वर्डच्या पातळीवरच जोडलं तरी तीन अपलोड, एक जोडणी, इमेज म्हणून एक डाउनलोड, म्हणजे प्रकरणामागे किमान पाच कॉल. दिवसाला चाळीस प्रकरणं म्हणजे दोनशे. शिवाय फायलींत जामीनदाराचं नाव, पत्ता, खाते क्रमांक असतो. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा पाहता, फायली कुठल्या देशात साठतात आणि कधी पुसल्या जातात हे लेखी मागा. नीट उत्तर आलं नाही, तर माझ्यापुरता क्लाउडचा विषय संपतो. उलट माहितीपत्रकं, अभ्यासक्रम असं उघडं साहित्य असेल, फायली मोजक्या असतील आणि सर्व्हर सांभाळायला कोणी नसेल, तर क्लाउडच घ्या. उगाच लिब्रेऑफिसचे अपडेट कशाला सांभाळायचे?

इमेजचा प्रकारही आधीच ठरवा. ए-4 पान 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) 2480 गुणिले 3508 पिक्सेल होतं. जेपीईजीची एक बाजू 65,535 पिक्सेलच्या पुढे जात नाही, म्हणजे एकाखाली एक जेमतेम 18 पानं. एकोणिसाव्या पानाला प्रोग्रॅम अडतो, आणि तो नेमका मोठ्या कर्जाच्या फायलीवर अडतो. 150 डीपीआयला 37 पानं मावतात, पण बारीक टाइपातल्या अटी वाचताना डोळे ताणावे लागतात. अनेक पानांची टिफ हे बंधन टाळते. मात्र क्रोम आणि फायरफॉक्स टिफ दाखवत नाहीत, तेव्हा तपासणाऱ्याच्या टेबलावर ती कशात उघडणार हे विचारून घ्या.