रास्पबेरी पायसाठी ‘लाँग रेंज’ वायफाय डाँगल घेताय? आधी आम्हाला कसा चुना लागला ते वाचा

सरळ मुद्द्यावर येतो. रास्पबेरी पाय म्हणा, ऑरेंज पाय म्हणा, असल्या छोट्या कॉम्प्युटर बोर्डला वायफाय डाँगल (यूएसबीत खोचायचा वायफायचा तुकडा) घ्यायला दुकानात निघाला असाल तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. आम्हाला इथं कोल्हापुरातच व्यवस्थित टोपी घातली, आणि ती पण एकदम नाही, हप्त्याहप्त्यानं.

आमच्या मामांचं शिवाजी उद्यमनगरात मशीन शॉप आहे, फौंड्रीतनं येणारं कास्टिंग टर्निंग करून द्यायचं काम. एका मशीनवर दिवसाला किती जॉब निघाले ते मोजून मामांच्या मोबाईलवर दिसावं म्हणून मी माझ्याकडचा जुना पाय २ बसवून दिला, सेन्सर, मोजणी सगळं झकास झालं, अडलं फक्त नेटवर. पाय २ हा २०१५ चा बोर्ड, त्यात वायफाय नाहीच, बोर्डवरच वायफाय आलं ते २०१६ च्या पाय ३ पासनं. लॅन केबल ओढावी म्हटलं तर मधे क्रेनची वाट, आणि मामा म्हणाले, "वरनं वायर लोंबकळत नको रे बाबा, कवातरी कुणाच्या तरी गळ्यात येईल." मग डाँगलशिवाय इलाज नव्हता.

दुकानाचं नाव लिहीत नाही, शहरातलंच आहे, बऱ्यापैकी चालतं. माणूस बोलायला एकदम गोड. "दादा, हे घ्या, बाराशे एमबीपीएस, ड्युअल बँड, दोन अँटेना, दोन भिंती पलीकडनं पकडतंय. लिनक्स? चालतंय की, नुस्तं लावायचं. बिनधास्त न्या, काय झालं तर मी हाय की हितं." (लिनक्स म्हणजे पायवर चालणारी सिस्टीम, ड्युअल बँड म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हीवर चालणारं.) डब्यावर पण तेच छापलेलं, मोठ्या अक्षरात, आणि लिनक्सचं पेंग्विन सुद्धा. १८५० सांगितले, घासाघीस करून १६५० ला दिलं. बिलावर काय लिहिलं तर ‘कॉम्प्युटर ॲक्सेसरी, १ नग’. बस्स. ना मॉडेल, ना कंपनी. हे ध्यानात ठेवा, पुढं याच ओळीवरनं वाद झाला.

लावलं तर काहीच नाही, वायफायचं नावच दिसेना. फोन केला तर म्हणे पायला ड्रायव्हर (डाँगल चालवणारं सॉफ्टवेअर) वेगळा टाकावा लागतो, आमचा पोरगा येऊन टाकून देईल, सेटिंगचे ५०० होतील. (नुस्तं लावायचं म्हणणारा माणूस तो हाच.) पोरगा आला, काहीतरी डाउनलोड करून कंपाईल केलं, म्हणजे ड्रायव्हर पायवरच तयार केला, चालू झालं, मामा खूश. मग एक दिवस मी सिस्टीम अपडेट केली आणि रीस्टार्ट झाल्यावर वायफाय गायब. परत पोरगा, परत ५००. त्यानंतर कनेक्शन राहायचं पण दुपारी सगळी मशीनं सुरू असली की तुटायचं, मोबाईलवरचा आकडा तासतासभर तिथंच अडकून बसायचा आणि मामांचा फोन यायचा, "आरं त्यो डबा परत झोपला बघ." दुकानदाराला विचारलं तर उत्तर तयार, पॉवर कमी पडतीया, ओरिजिनल तीन अँपिअरचा अडॅप्टर घ्या, ९०० रुपये. तो पण घेतला मामांनी.

आता यातली खरी मेख सांगतो. त्यानं सांगितलेलं प्रत्येक कारण जगात खरं असतं. डाँगलचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमधे, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, नसला तर बाहेरनं कंपाईल करावा लागतो हे खरं, तो त्याच एका कर्नलपुरता चालतो म्हणून अपडेटनंतर उडतो हे पण खरं, पॉवर कमी पडली की पायवर यूएसबीला लावलेली वस्तू गचके खाते हे तर शंभर टक्के खरं, आणि पत्र्याची शेड, लोखंडाचा पसारा, मोटरी यात वायफाय मार खातं यात नवल काहीच नाही. पायवर वायफाय नीट न चालायची खरी कारणंच इतकी आहेत की त्यांच्या आड खोटा माल आरामात लपतो. नेटवर शोधाल तर हीच कारणं सापडतात, त्यामुळं दुकानदार हुशारच वाटतो.

पण कारणं तपासता येतात ना. आधी पॉवर बघितली. टर्मिनलमधे व्हीसीजेनसीएमडीची गेट थ्रॉटल्ड (vcgencmd get_throttled) म्हणून कमांड आहे, उत्तर ०एक्स० (0x0) आलं तर बूट झाल्यापासनं व्होल्टेज एकदाही पडलेलं नाही. पायची रेषा साधारण ४.६३ व्होल्टची, त्याखाली गेलं की पाय २ वरचा लाल दिवा विझतो आणि स्क्रीन लावलेली असेल तर कोपऱ्यात विजेचं चिन्ह येतं. मी परत जुनाच अडॅप्टर लावला, दुपारी सगळी मशीनं धडधडत असताना बघितलं, ०एक्स०. म्हणजे ते ९०० रुपये पाण्यात.

मग एलएसयूएसबी (lsusb) मारली. ही कमांड यूएसबीला लावलेल्या वस्तूचा आयडी दाखवते, डब्यावर काय छापलंय त्याच्याशी तिला देणंघेणं नाही. आयडी आला ०बीडीए:एफ१७९ (0bda:f179). ०बीडीए म्हणजे रिअलटेक, आणि एफ१७९ म्हणजे आरटीएल८१८८एफटीव्ही, सगळ्यात स्वस्तातली चिप, फक्त २.४ गिगाहर्ट्झ आणि कागदावर जास्तीत जास्त १५० मेगाबिट. ‘आयडब्ल्यू लिस्ट’ (iw list) करून बघितलं तर बँड एकच, २४१२ मेगाहर्ट्झपासनं सुरू होणारी २.४ ची चॅनेलं, ५ गिगाहर्ट्झचं नाव नाही. या चिपचा ड्रायव्हर कर्नलमधे आला तो ६.२ पासनं, आमच्या पायवर त्याच्या आधीचा कर्नल, म्हणजे ‘नुस्तं लावायचं’ हे पहिल्या दिवसापासनं खोटं होतं. आणि पोरानं ड्रायव्हर डीकेएमएस (DKMS) नावाच्या सोयीत टाकला असता तर अपडेटनंतर तो आपोआप परत कंपाईल झाला असता, दुसऱ्यांदा यायची गरजच नव्हती. आळसानं टाकला नाही का ५०० साठी, ते ज्योतिबालाच ठाऊक.

बाराशेची तर गंमतच आहे. ती बेरीज असते, २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७, दोन्ही मिळून गोल करून १२००. पाय २ चं यूएसबी २.० चं, त्याची हदच ४८० मेगाबिट, आणि त्याच वाटेवर लॅन पोर्ट पण बसलेलं. म्हणजे खरं बाराशेचं डाँगल दिलं असतं तरी पायला ते झेपणार नव्हतं. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजे बैलगाडीला इमानाचं इंजिन इकलं की रं त्यानं."

आता अँटेना. दोन्ही स्क्रूवर फिरून निघणारे होते. सिग्नल बघत बसलो, उणे ७९ डीबीएमच्या आसपास (हा आकडा शून्याकडं जितका जवळ तितका सिग्नल चांगला). एक अँटेना काढला, आकडा तसाच. दुसरा काढला, तरी तसाच. मग राहवलं नाही, डाँगलची टोपी ब्लेडनं उचकटली. आत नखाएवढा हिरवा बोर्ड, त्याच्या कडेला तांब्याची नागमोडी रेघ, खरा अँटेना तो एवढाच. बाहेरचे दोन स्क्रू प्लास्टिकच्या खोळीत नुसते दाबून बसवलेले, त्यांच्यापासनं बोर्डपर्यंत एक वायर नाही, सोल्डरच्या टाक्याची जागा कोरी करकरीत. अँटेनाची नळी कापली तर आत पोकळ. मी इतका वेळ उगाच राउटरच्या दिशेनं तो फिरवत होतो.

सगळे तुकडे, लॅपटॉप आणि पाय घेऊन दुकानात गेलो. आधी ऐकूनच घेईना, तुम्ही फोडलं आता वॉरंटी गेली, बिलावर बघा ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ छापलंय. त्याला शांतपणे सांगितलं की ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधे दोष असलेला माल परत घ्यायला नकार देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, बिलात मुदत दिली नसेल तर ३० दिवस धरतात, आणि आम्ही ३० दिवसांच्या आत आलोय. मग गाडी दुसरीकडं वळली, बिलावर तर ‘ॲक्सेसरी’ लिहिलंय, बाराशेचं दिलं असं कुठं लिहिलंय? तेव्हा डबा पुढं केला. मामांना डबे साठवायची सवय, मामी रोज ओरडते त्यावरनं, पण त्या दिवशी तो डबाच कामी आला. डब्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, एमआरपीच्या स्टिकरवर दुसरं स्टिकर, नखानं उचललं तर खालचा आकडा ३९९. गिऱ्हाईकं वळून बघायला लागली तसा आवाज खाली आला. "आमी बी वरनं बंद डबाच घेतोय ओ दादा, आमाला काय म्हाईत आत काय हाय." डाँगलचे १६५० दिले. सेटिंगचे १००० आणि अडॅप्टरचे ९०० द्यायला साफ नाही म्हणाला.

म्हणून सांगतो, लॅपटॉपवर लिनक्स असेल तर तो, नाहीतर पायच बरोबर घेऊन जा, काउंटरवर डाँगल लावायला सांगा, आणि एलएसयूएसबीचा आयडी बघूनच पैसे द्या. लावू देत नसेल तर तिथनं उठा. रालिंकचं आरटी५३७० (आयडी १४८एफ:५३७०) किंवा अथेरॉसचं एआर९२७१ (०सीएफ३:९२७१) दिसलं तर पायवर ड्रायव्हरची झिगझिग नाही, मीडियाटेकचं एमटी७६०१यू पण ४.२ पासनं कर्नलमधे आहे. नुसत्या मॉडेलच्या नावावर मात्र जाऊ नका, कारण एकाच नावाखाली आतली चिप बदलते, टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एनच्या पहिल्या व्हर्जनमधे अथेरॉस होती, दुसऱ्यापासनं रिअलटेक आली, आणि हे जाहीर आहे तरी जुन्या व्हर्जनच्या नावानं नवं खपवणारे भेटतात. बिलावर चिपचं नाही तरी मॉडेलचं नाव आणि ‘ड्युअल बँड’ असेल तर तसं लिहून घ्या, लिहायला का कू केलं की समजायचं ते समजा.

सध्या मशीनवर मित्राकडनं आणलेलं जुनं आरटी५३७० आहे, एक साधा अँटेना, दिसायला एकदम गरीब. ते पायला थेट न लावता यूएसबी एक्स्टेन्शन केबलनं लोखंडी पॅनेलच्या बाहेर, वर काढलंय, आणि वायफायचं पॉवर सेव्ह बंद केलंय. सिग्नल उणे ६१ ला आला, दुपारी पण तुटत नाही. उरलेल्या १९०० साठी १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार टाकली आहे, नंबर मिळालाय. तिथं नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरवलंय, ५ लाखापर्यंतच्या प्रकरणाला तिथं फी नाही. सेटिंगचं बिल दिलं नव्हतं, पण दोन्ही वेळचे ५०० मामांनी यूपीआयनं दिलेत आणि एन्ट्रीत दुकानाचंच नाव आलंय, त्यामुळं ‘तो पोरगा आमचा नव्हता’ असं त्याला म्हणता येणार नाही.