किडनी ट्रान्सप्लांटले १४ महिने झाले, डॉक्टर लोकांचा आलेला अनुभव

गाव आर्वी तालुक्यात. दोन वर्षं आठवड्यातून ३ वेळा डायलिसिस केलं, मग मायनं किडनी दिली, ऑपरेशन नागपूरले झालं. बरेच जण फोन करून विचारतात म्हणून लिहून राहिलो.

आधी आमच्या नेफ्रो (किडनीच्या) डॉक्टरबद्दल. किडनी द्यायले मंजुरी देणाऱ्या कमिटीसमोर जायच्या आधी त्यांनी मायले एकटीले आत घेतलं अन् मले न भावाले बाहेर बसवलं, मले तेव्हा रागच आला होता. नंतर मायनं सांगितलं, ते म्हणाले मनात नसल तर मोकळेपणानं सांगा, घरच्यांले मी मेडिकल कारण सांगतो, तुमचं नाव येणार नाही. मायनं उलट त्यांनाच विचारलं, मले निंदणाले जाता येईल का? तर त्यांनी एका जुन्या रिपोर्टच्या मागं दोन किडन्या काढल्या, एक खोडली, उरलेली कशी हळूहळू जास्त काम उचलते ते समजावलं, अन् तीन महिने ओझं नाही, पेनकिलर मनानं कधीच नाही, दरवर्षी बीपी, लघवी अन् क्रिएटिनिन (रक्ताची तपासणी, किडनीचं काम बिघडलं का हा आकडा वाढते) चेक करा असं सांगितलं. ओपीडीत बाहेर पन्नास पेशंट बसले होते तरी घाई नाही केली. तो कागद मायनं पोथीत ठेवला आहे.

ऑपरेशनच्या रात्री एक शिकाऊ डॉक्टर दर तासाले येऊन लघवी मोजून लिहून ठेवे. डायलिसिसवर असताना पाणी घोट घोट मोजून प्यायचो, न आता तोच पोरगा म्हणे दादा प्या, अजून प्या. मले रडू आलं.

वाईट अनुभव पण सांगतो. सातव्या महिन्यात जांघेत गजकर्ण झालं, इथल्याच एका डॉक्टरनं इट्राकोनॅझोल ही बुरशीची गोळी दिली, मी ट्रान्सप्लांटचं सांगितलं होतं तरी. आठ दिवसात हात इतके थरथरू लागले का चहा बशीत सांडे. नागपूरले फोन केला तर तिकडून लगेच बंद करायले लावली, त्या गोळीनं टॅक्रोलिमस (शरीरानं नवीन किडनी नाकारू नये म्हणून रोज घ्यायचं औषध) रक्तात वाढते म्हणे. लेव्हल काढली तर खरंच खूप वाढली होती, क्रिएटिनिन १.२ वरून १.९. डोस कमी करून खाली यायले तीन आठवडे लागले अन् तीन आठवडे घरात कोणाले नीट जेवण गेलं नाही. आता कोणतीही नवीन गोळी आली का आधी चिठ्ठीचा फोटो नागपूरच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर मॅडमले पाठवतो, रात्री ९ ले पाठवला तरी उत्तर येते.

लेव्हलचं रक्त सकाळच्या गोळीच्या आधी द्यावं लागते, म्हणून पहाटेच्या एसटीनं निघतो, गोळी खिशात. तिथं तीन-चार तास बसावं लागते, त्याचा त्रास आहेच.

मागच्या मंगळवारी क्रिएटिनिन १.३ आलं. डॉक्टरनं माझे रिपोर्ट पाहायच्या आधी विचारलं, माय कशी आहे, निंदणाले जाते का? जाते म्हटलं, यंदा पऱ्हाटीत तीच सगळ्यात पुढं होती.