कायनेज लायब्ररी: घराण्यापर्यंत नेऊन सोडते

आमच्या मास स्पेकच्या, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राच्या, खोलीतून निघणारी प्रत्येक फाइल शेवटी एकाच प्रश्नापाशी येऊन अडते. प्रोटीनांवर हजारो जागी फॉस्फेट लागलेला दिसतोय, ठीक आहे. पण लावला कोणी? पुण्यात बसून फॉस्फोप्रोटिओमिक्सचा, म्हणजे प्रोटीनांवरच्या अशा फॉस्फेटांचा, डेटा चाळणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे हा प्रश्न घेऊन पीएचडीची पोरं आणि त्यांचे गाइड माझ्या टेबलापाशी येतच राहतात. हल्ली त्या सगळ्यांना मी आधी एकाच ठिकाणी पिटाळते: फॉस्फोसाइटप्लस या फॉस्फो-जागांच्या डेटाबेसवरची ‘कायनेज लायब्ररी’. वेबसाइट आहे, काही इन्स्टॉल करावं लागत नाही आणि शैक्षणिक कामाला फुकट आहे.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कायनेज म्हणजे एटीपी या ऊर्जेच्या रेणूवरचा फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रोटीनवर चिकटवणारं एन्झाइम. चिकटवायच्या जागा मुख्यतः तीन अमिनो आम्लं: सेरीन, थ्रिओनीन, टायरोसीन. 2002 मध्ये माणसाच्या जीनोममधली कायनेजं मोजली तेव्हा 518 भरली. पेटंटवरून 2013 मध्ये सुप्रीम कोर्टात निकाल लागला ते रक्ताच्या कर्करोगावरचं औषध ग्लिव्हेक, म्हणजे इमॅटिनिब, अशाच एका बिघडलेल्या कायनेजला रोखतं. इतकं महत्त्वाचं प्रकरण, आणि तरीही माणसात नोंदलेल्या नव्वद हजारांच्या आसपास फॉस्फो-जागांपैकी पाच टक्क्यांहूनही कमी जागांचा कायनेज पक्का माहीत आहे. बाकी सगळा अंदाज.

हा अंदाज सुधारायचं काम या लायब्ररीने केलं. पद्धत सांगायला सोपी, करायला जिकिरीची. मधे सेरीन किंवा थ्रिओनीन असलेले छोटे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या, बनवायचे, त्याच्या मागच्या पाच आणि पुढच्या चार जागांपैकी एका जागी एकेक अमिनो आम्ल पक्कं करायचं, बाकीच्या जागा सरमिसळ ठेवायच्या. मग शुद्ध कायनेज आणि किरणोत्सारी एटीपी घालून कुठला पेप्टाइड जास्त चमकतो ते बघायचं. असं 303 सेरीन-थ्रिओनीन कायनेजांसाठी केलं. तो पेपर जानेवारी 2023 मध्ये ‘नेचर’मध्ये आला आणि 2024 मध्ये टायरोसीनवाल्या 93 कायनेजांचा. प्रत्येक कायनेजला कुठल्या जागी काय आवडतं याचा एक तक्ता तयार झाला, आणि ही साइट म्हणजे त्या तक्त्यांवर बसवलेली खिडकी.

नवीन माणसाला दाखवायचं असेल तर मी कर्करोग रोखणाऱ्या पी53 या प्रोटीनपासून सुरू करते. पंधराव्या जागेवरच्या सेरीनच्या आजूबाजूचा क्रम टाकायचा, प्रत्येक अमिनो आम्लाला एक अक्षर: पी-एस-व्ही-ई-पी-पी-एल-एस, मग तारांकित खूण, मग क्यू-ई-टी-एफ. खूण त्या फॉस्फो-सेरीनच्या लगेच नंतर, तिथे चुकलात तर सगळंच चुकलं. बटण दाबलं की तीनशेच्या वर नावांची उतरंड येते. वरच्या टोकाला एटीएम, एटीआर, डीएनए-पीके, एसएमजी1. डीएनए तुटल्यावर ही जागा एटीएम आणि एटीआर पकडतात हे पाठ्यपुस्तकात आहेच. एसएमजी1 त्याच घराण्यातला, त्यालाही सेरीनच्या पुढे क्यू, म्हणजे ग्लुटामीन, लागतो. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे ते आधी विचारून बघावं. कुठलंही टूल असो, माझी ही सवय मोडत नाही.

उतरंडीत दोन आकडे असतात, स्कोअर आणि पर्सेंटाइल. इथे पोरांचा हमखास गोंधळ होतो. सीईटी दिलेल्या कुणालाही समजावं असं सांगायचं तर स्कोअर म्हणजे मार्क आणि पर्सेंटाइल म्हणजे पर्सेंटाइल. काही कायनेजांना फारसं पथ्य नसतं, कुठल्याही जागी बरे मार्क देतात. काही जात्याच चिक्कू. म्हणून नोंदलेल्या सगळ्या जागांना त्याच कायनेजने दिलेल्या मार्कांत आपली जागा कितवी, हे पर्सेंटाइल सांगतो. दोन कायनेजांची तुलना करताना नुसत्या स्कोअरवर जाऊ नका.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेली सोय मात्र वेगळीच आहे. शेजारचं अक्षर लहान लिपीत लिहिलं की ते अमिनो आम्ल आधीच फॉस्फोरिलेट झालेलं आहे असं धरलं जातं. बीटा-कॅटेनिन हे प्रोटीन घ्या. आधी सीके1 हा कायनेज पंचेचाळिसाव्या सेरीनवर फॉस्फेट लावतो, मग जीएसके3 हा दुसरा कायनेज एक्केचाळीस, सदतीस, तेहतीस असा चार-चार घरं मागे सरकत येतो. त्याला पुढे चौथ्या घरात तयार फॉस्फेट हवा असतो. सदतिसाव्या सेरीनचा क्रम साधा टाका, आणि मग एक्केचाळिसावा थ्रिओनीन लहान अक्षरात करून परत टाका. जीएसके3 कुठून कुठे जातो ते बघा. हे शिकवायला फळा-खडूने मला अर्धा तास लागायचा.

आता खरं काम, एन्रिचमेंट. औषध दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींमधल्या सगळ्या फॉस्फो-जागा, त्यांचा लॉग फोल्ड चेंज (किती पट बदल झाला) आणि पी-व्हॅल्यू (तो बदल निव्वळ योगायोगाने दिसू शकतो का, याचं माप) अशी एकच फाइल चढवायची. वाढलेल्या जागा, घटलेल्या जागा आणि जागच्या जागी राहिलेल्या जागा टूल वेगळ्या करतं, प्रत्येक जागेचे सर्वांत वरचे पंधराएक कायनेज उमेदवार धरतं आणि कुठल्या कायनेजच्या जागा वाढलेल्यांत प्रमाणाबाहेर दिसतात ते फिशरच्या संख्याशास्त्रीय कसोटीने काढतं. उत्तर तक्त्यातही मिळतं, ठिपक्यांच्या चित्रातही.

सगळं पाणी मुरतं ते फाइल बनवताना. मास स्पेकचा डेटा वाचणाऱ्या मॅक्सक्वांट सॉफ्टवेअरची फॉस्फो-साइट्सची फाइल जशीच्या तशी उचलून टाकणारे पुष्कळ. त्यात एकाच ओळीत अर्धविरामाने जोडलेले दोन-दोन, तीन-तीन क्रम असतात, पहिला ठेवून बाकीचे उडवा. प्रोटीनच्या टोकाला खालच्या रेघा (अंडरस्कोर) येतात, त्या चालतात. लोकलायझेशन प्रॉबॅबिलिटी, म्हणजे फॉस्फेट नेमका त्याच जागी असण्याची शक्यता, 0.75 च्या खाली असलेल्या जागा काढाच. फॉस्फेट शेजारच्या सेरीनवर असण्याची शक्यता असताना मागचं-पुढचं घर मोजण्यात काय अर्थ? आणि फक्त ‘सिग्निफिकंट’ जागांची यादी चढवून मोकळं होऊ नका. न बदललेल्या जागा हीच तुलनेची पार्श्वभूमी आहे, ती फेकून दिली तर टूल तुलना कशाशी करणार?

अलीकडची एक गोष्ट सांगते, कारण या टूलची ताकद आणि मर्यादा दोन्ही त्यात आहेत. एका मुलीने चरबीच्या पेशींना इन्सुलिन देऊन नमुने आणले होते. निकाल उघडला आणि ती आनंदाने ओरडली, “मॅम, एकेटी वर आलंय!” एकेटी म्हणजे इन्सुलिनने जागा होणारा कायनेज, आणि तो वर आला होता खरा. पण त्याच्या शेजारी एसजीके, पी70एस6के आणि आरएसके हे कायनेजसुद्धा खेटून बसले होते. सगळ्यांना सेरीनच्या मागे तिसऱ्या आणि पाचव्या घरात आर्जिनीन आवडतं. एकेटी1, एकेटी2, एकेटी3 तर एकमेकांपासून वेगळे काढणं क्रमावरून जवळपास अशक्यच. तिने प्रेझेंटेशनमध्ये ‘एकेटी सक्रिय’ लिहायला घेतलं तेव्हा मी तिला थांबवलं. “मग काय लिहू?” “आर्जिनीनवाल्यांचं घराणं जागं झालंय एवढं लिही. कोण जागा झाला ते ब्लॉटवर दाखव.”

ब्लॉटवर, म्हणजे अँटिबॉडीने प्रोटीन ओळखणाऱ्या चाचणीत, दाखवणं अवघड नाही. एकेटीच्या 473 व्या सेरीनची आणि 308 व्या थ्रिओनीनची अँटिबॉडी बहुतेक लॅबच्या फ्रीजरमध्ये पडलेली असते. एमके-2206 हे औषध दिलं तर एकेटी बसतो, रॅपामायसिन दिलं तर एमटॉरसी1 या प्रोटीनसंकुलामार्गे पी70एस6के बसतो. कोणत्या औषधाने कुठल्या जागा विझतात ते बघा, नाव आपोआप एकावर येतं. लायब्ररीने हे सगळं तुमच्यासाठी करावं अशी अपेक्षा धरू नये. एखादा कायनेज त्या पेशीत बनतो तरी का, तो केंद्रकात आहे की पटलापाशी, त्या प्रोटीनला धरून ठेवायला त्याच्याकडे दुसरा हात आहे का, यातलं काहीही तक्त्यांना माहीत नाही. नळीतल्या शुद्ध एन्झाइमची आवड तेवढी त्यांना कळते. सेरीननंतर प्रोलीन आला की सीडीके आणि एमएपी कायनेजांची जी गर्दी उसळते, तिथेही हेच.

तरीही पूर्वीच्या टूलांपेक्षा हे कितीतरी बरं, असं माझं स्पष्ट मत. जुनी पद्धत नोंदलेल्या कायनेज-सब्स्ट्रेट (कायनेज आणि त्याचं लक्ष्य-प्रोटीन) जोड्यांवर चालायची, आणि नोंदी त्याच त्या प्रसिद्ध कायनेजांच्या. ज्यांच्यावर पेपर जास्त तेच पुन्हा वर. इथे ज्याचं नावही आपण कधी घेतलेलं नाही असा कायनेजही त्याच मापाने मोजला जातो. न्यूयॉर्कच्या माउंट सिनायमधलं केईए3 हे कायनेज शोधणारं टूल मी अजूनही चालवते, पण त्याला जीनची नावं लागतात, जागा नाही. एकाच प्रोटीनवर एक जागा वाढली आणि दुसरी घटली तर ते त्याला कळायचा मार्गच नाही. दोन्हींत एकच घराणं वर आलं की मी जरा निर्धास्त होते, इतकाच त्याचा उपयोग.

चित्रासाठी कोरल हे टूल. नॉर्थ कॅरोलायनाच्या विद्यापीठातलं, 2018 चं. कायनेजांचं झाड काढतं, फांद्यांना आणि ठिपक्यांना आकड्यांप्रमाणे रंग देतं, एसव्हीजी चित्र-फाइल उतरवून घेता येते. गाइडमंडळींना ते झाड फार आवडतं. फक्त नावं जुळवून घ्यावी लागतात: लायब्ररीत पीकेएसीए असेल तर जीनचं नाव पीआरकेएसीए, सीके2ए1 असेल तर सीएसएनके2ए1, डीएनएपीके म्हणजे पीआरकेडीसी. मी एक रूपांतराचा तक्ता करून ठेवलाय, मागाल त्याला देते.

उंदराच्या पेशींचा डेटा असेल तर बिनधास्त वापरा, कायनेजांची आवडनिवड तिथे फारशी वेगळी नसते. क्षयाच्या जंतूवर काम करणाऱ्यांनी मात्र इकडे फिरकू नये. त्याची सेरीन-थ्रिओनीन कायनेजं 11, पीकेएनए, पीकेएनबी वगैरे, आणि ती या लायब्ररीत नाहीत. क्रम टाकलात तर टूल हसतमुखाने माणसाच्या कायनेजाचं नाव देईल, आणि ते नाव तुमच्या थीसिसमध्ये गेलं तर व्हायवाला त्याचं उत्तर तुम्हालाच द्यायचंय.