ऑटोमॅटिक लॉकर की एअर लॉकर?

शहाद्याच्या भाच्याला जीपच्या मागच्या एक्सलला लॉकर (दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरवणारा भाग) बसवायचाय, पण कोणता ते ठरत नाही.

ऑटोमॅटिक, म्हणजे आपोआप लॉक होणारा, स्वस्त. बहुतेकदा जुन्याच कॅरिअरमध्ये (डिफरन्शियलच्या सांगाड्यात), आतल्या छोट्या स्पायडर गिअरच्या जागी बसतो. एअर लॉकर बटण दाबलं की हवेच्या दाबानं लागतो; त्याला नवं कॅरिअर, कॉम्प्रेसर, हवेची नळी, शिवाय क्राउन-पिनियनचं (एक्सलमधल्या मुख्य गिअरच्या जोडीचं) सेटिंग पुन्हा. मिस्त्री जाणकारच हवा. नळी फुटली की लॉक लागत नाही.

खरा फरक कळतो तो पावसात, तोरणमाळच्या घाटात. वळणावर ॲक्सिलरेटर दाबला की ऑटोमॅटिक दोन्ही चाकं एकमेकांशी जखडतो आणि गाडीची मागची बाजू घसरू शकते. मला याची भीती वाटते. एअर लॉकरचं बटण बंद केलं की साधं डिफरन्शियल, वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं.

तापीकाठची वाळू, शेतातली काळी माती, एवढंच असेल तर ऑटोमॅटिक पुरे. घरच्यांना घेऊन घाट चढायचा असेल, तर बाबा, थोडं थांब आणि एअर लॉकरच घे.