भेग बुजवायची की भार पेलायचा? जिवाणूंची चुनखडी आणि नेहमीची दुरुस्ती यांची तुलना

दिवाळी आटोपली की मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थांमध्ये दुरुस्तीचा विषय निघतो, कारण पुढच्या पावसाळ्यापर्यंत हातात जेमतेम सहा-सात महिने उरलेले असतात. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक असल्यामुळे अभियंत्याचा अहवाल बहुतेक कार्यकारिणींच्या हाती असतोच. अडते ते उपाय निवडताना. त्या उपायांत आता एका नव्या पर्यायाचे नाव ऐकू येऊ लागले आहे, तो म्हणजे चुनखडी तयार करणाऱ्या जिवाणूंकडून काँक्रीटच्या भेगा बुजवून घेणे किंवा पायाखालची सुटी वाळू बांधून घेणे. इमारत दुरुस्तीचा सल्लागार म्हणून मला या तंत्राविषयी मनापासून आस्था आहे, आणि म्हणूनच ते चुकीच्या जागी वापरले जाऊन बदनाम होऊ नये, असे वाटते.

या कामात सर्वाधिक वापरला गेलेला जिवाणू म्हणजे मातीत आढळणारा स्पोरोसार्सिना पाश्चुरी. त्याने रोग होत नाही, त्यामुळे सभासदांच्या मनातली ती भीती आधीच दूर केलेली बरी. त्याच्याजवळचे युरिएज हे विकर युरियाचे विघटन करते. त्यातून अमोनिया आणि कार्बोनेट तयार होतात, भोवतालच्या पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) ९ च्या आसपास चढतो, आणि त्या पाण्यात कॅल्शियम असेल तर कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडीचे, स्फटिक जिवाणूंच्या पृष्ठभागावर आणि वाळूच्या कणांच्या सांध्यांत बसू लागतात. नवीन काँक्रीटसाठी वेगळी वाट शोधावी लागली, कारण त्याचा सामू १२.५ च्या वर असतो आणि तिथे हा जिवाणू तग धरत नाही. नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या तंत्रज्ञान विद्यापीठात हेंक योंकर्स यांनी तीव्र अल्क सहन करणाऱ्या बॅसिलस गटातील जिवाणूंचे बीजाणू आणि त्यांचे खाद्य म्हणून कॅल्शियम लॅक्टेट काँक्रीटमध्येच मिसळले. भेग पडून आत पाणी शिरले की बीजाणू जागे होतात आणि भेग भरू लागते. अशा काँक्रीटमध्ये सुमारे ०.८ मिलिमीटर रुंदीपर्यंतच्या भेगा बुजल्याचे दिसले आहे.

आता आपल्या इमारतीकडे येऊ. दादर-माहीमकडच्या, समुद्राची हवा खाल्लेल्या एखाद्या ४० वर्षांच्या इमारतीच्या छज्जाखाली उभे राहून वर पाहिले, तर बहुधा तीन प्रकारचे नुकसान एकाच जागी दिसते: केसासारख्या बारीक भेगा, त्यांतून उतरलेले पांढरे ओघळ, आणि प्लास्टरचा पोपडा सुटलेल्या जागी गंजून पापुद्रे निघालेली सळई. पांढरे ओघळ पाहून "काँक्रीट स्वतःच भेग भरते आहे" असे समाधान काही जण करून घेतात. वास्तविक पाणी स्लॅबमधून झिरपताना आतला चुना बरोबर घेऊन बाहेर पडले, याची ती खूण असते.

बारीक भेगेपुरती तुलना केली, तर जिवाणूंची बाजू भक्कम आहे. इपॉक्सी इंजेक्शनला, म्हणजे भेगेत दाबाने भरल्या जाणाऱ्या घट्ट होणाऱ्या राळेला, भेग कोरडी लागते, आणि मुंबईत संडास-बाथरूमच्या डक्टलगतची भेग मे महिन्यातही कोरडी मिळेल याची शाश्वती नसते. ओल्या गळतीसाठी वापरले जाणारे पॉलियुरेथेन पाणी अडवते, पण ते फेसासारखे फुगून बसते आणि भेगेच्या दोन्ही कडा सांधून भार पलीकडे नेत नाही. जिवाणूंना मात्र ओलावा हवाच असतो, त्यांचे द्रावण जवळपास पाण्याइतके पातळ असल्यामुळे ते ०.२ मिलिमीटरच्या भेगेतही स्वतःहून शिरते, आणि तयार होणारे खनिज काँक्रीटच्या जातीचेच असते. मुंबईची ऊबदार हवाही त्यांच्या पथ्यावर पडते. उलट वेळेचा विचार केला तर इपॉक्सी एक-दोन दिवसांत घट्ट होते आणि जिवाणूंचे द्रावण अनेक दिवस पुन्हा पुन्हा द्यावे लागते. शिवाय ज्या भेगेतून स्लॅबचा किंवा तुळईचा भार पुन्हा पलीकडे जायला हवा, तिथे चांगल्या इपॉक्सीची पकड काँक्रीटपेक्षाही अधिक असते. चुनखडीच्या नाजूक थराकडून ती अपेक्षा धरू नये. रोज उन्हात उघडणारी आणि रात्री मिटणारी गच्चीवरची भेग तर दोन्ही उपायांना दाद देत नाही. तिला लवचिक सांधा द्यावा लागतो.

माझ्या मते खरा निर्णय सळईपाशी होतो. अशा छज्जाचा ताजा तोडलेला तुकडा घेऊन त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण फवारले, की आतला निरोगी भाग गडद गुलाबी होतो आणि बाहेरची कड रंगहीन राहते. ती रंगहीन कड म्हणजे हवेतील कार्बन डायऑक्साइडने सामू ९ च्या खाली आणलेले काँक्रीट. असा सामू जिवाणूला मानवतो, पण सळईवरचे संरक्षक कवच तिथे आधीच गेलेले असते. भेगेत भरलेले कॅल्साइट तो सामू पुन्हा वर नेत नाही. आत गंज चालूच राहिला, तर मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागणारा तो गंज, भेग कशानेही भरली असली तरी, काँक्रीट पुन्हा फोडतो. म्हणून ज्या छज्जाची, बीमची किंवा कॉलमची सळई गंजली आहे, तिथे सैल काँक्रीट काढणे, सळई घासून तिला गंजरोधक लावणे, लागेल तिथे नवी सळई जोडणे आणि मग पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीट भरणे, या जुन्या क्रमाला पर्याय नाही. मुंबईत स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये नोंदले जाणारे गंभीर नुकसान मुख्यतः याच प्रकारचे असते, हे कोटेशन वाचताना विसरू नये.

इथेच एक धोकाही सांगायला हवा. प्रयोगशाळेत कॅल्शियमसाठी सर्रास कॅल्शियम क्लोराइड वापरतात, कारण ते स्वस्त आहे आणि सहज विरघळते. वाळूत ते चालते. सळई असलेल्या काँक्रीटमध्ये नाही. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार नव्या प्रबलित (सळई घातलेल्या) काँक्रीटमध्ये एका घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त क्लोराइड असता कामा नये, आणि समुद्राच्या वाऱ्याने त्यात आधीच भर घातलेली असते. त्यामुळे जिवाणूंचा उपाय घ्यायचा असेल, तर द्रावणात कॅल्शियम लॅक्टेट, अ‍ॅसिटेट किंवा नायट्रेट आहे की क्लोराइड, हे ठेकेदाराकडून लेखी घ्यावे.

जमिनीचा हिशेब वेगळा आहे. साध्या सिमेंटच्या ग्राउटमधले, म्हणजे जमिनीत दाबाने सोडल्या जाणाऱ्या पातळ सिमेंटमधले, मोठे कण ८०-१०० मायक्रॉनपर्यंत (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असल्यामुळे ते बारीक वाळूच्या पोकळ्यांत शिरत नाहीत. जिवाणू एक ते तीन मायक्रॉनचे असतात आणि कमी दाबाने पुढे सरकतात. वाळूच्या जमिनीवर उभ्या असलेल्या जुन्या इमारतीशेजारी जड ड्रिलिंग यंत्रांचे हादरे नको असतील, तर हा फायदा मोलाचा आहे. पण जमीन वाळूचीच हवी. खाडीलगतच्या भागांत, विशेषतः ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर, मऊ सागरी चिकणमाती सापडते, आणि तिच्या पोकळ्या जिवाणूहूनही लहान असतात. अशा जमिनीचे पाणी उभ्या निचरावाहिन्यांनी काढून तिच्यावर भार ठेवणे किंवा पाइल (पायाचे खोल खांब) खडकापर्यंत नेणे, हेच मार्ग उरतात. म्हणून जमिनीत छिद्र घेऊन केलेल्या माती-तपासणीचा (बोअरहोलचा) अहवाल पाहण्यापूर्वी जिवाणूंचे नावही काढू नये.

वाळूतही काम एकसारखे होत नाही. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी प्लास्टिकच्या नळकांड्यात बांधलेली वाळू पाहिली. द्रावण जिथून सोडले होते त्या टोकाशी ती खिळ्याने ओरखडा उठू नये इतकी कठीण झाली होती, आणि दुसऱ्या टोकाला बोटाने चुरत होती. डेल्फ्टमध्ये १०० घनमीटर वाळूवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही बळकटी जागोजागी फार वेगळी भरली होती. सिमेंट ग्राउटिंगमध्येही असमानता असते, पण तिचा अंदाज घेण्याचा अनेक दशकांचा अनुभव आपल्या ठेकेदारांपाशी आहे.

त्या प्रयोगशाळेत शिरताच सार्वजनिक मुतारीसारखा वास नाकाला झोंबला होता. तो वास अमोनियाचा, आणि त्याचे कारण साध्या हिशेबात आहे. १०० किलो कॅल्साइटसाठी ६० किलो युरिया आणि १११ किलो निर्जल कॅल्शियम क्लोराइड लागते, आणि सोबत १०७ किलो अमोनियम क्लोराइड तयार होते. एका घनमीटर वाळूचे वजन सुमारे १६०० किलो; तिच्यात वजनाच्या पाच टक्के चुनखडी बसवायची, तर ८० किलो कॅल्साइट, ४८ किलो युरिया आणि उरलेले सुमारे ८६ किलो अमोनियम क्लोराइड. ते धुऊन काढून कुठे सोडणार, या प्रश्नाचे उत्तर आवारात विहीर किंवा बोअरवेल असलेल्या संस्थेने काम सुरू होण्यापूर्वीच मिळवले पाहिजे. ४५ किलोचे शेतीचे पोते आणून काम भागवू, असे कोणी सुचवल्यास स्पष्ट नकार द्यावा. तो युरिया अनुदानित व कडुनिंब-लेपित असतो आणि बांधकामासाठी वळवणे हा गुन्हा आहे. औद्योगिक प्रतीचा युरिया महाग पडतो, आणि त्याच्या निर्मितीत बरीच ऊर्जा खर्च होते. त्यामुळे "सिमेंटपेक्षा पर्यावरणपूरक" हा दावा अमोनियाची विल्हेवाट हिशेबात धरल्याखेरीज मी मान्य करणार नाही.

दगडी इमारतींबाबत मात्र मला फारसा संकोच वाटत नाही. फ्रान्समधील थुआर येथील सेंट मेदार चर्चच्या मनोऱ्यावर १९९३ मध्येच जिवाणूंच्या चुनखडीचा थर दिला गेला. मुंबईच्या जुन्या इमारतींच्या कोरीव कामात वापरलेला पोरबंदरी दगड चुनखडीचाच असल्यामुळे, त्याच्या झिजलेल्या पृष्ठभागावर सिमेंटच्या लेपापेक्षा हा थर कितीतरी अधिक सुसंगत ठरेल. मालाडच्या किंवा काळ्या बेसाल्टच्या दगडाला हेच लागू होईल, असे गृहीत धरू नये.

हा उपाय आजमावायचा असेल, तर मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या बाहेरच्या अंगाची एखादी भेग निवडेन: स्थिर, ०.३ मिलिमीटरपेक्षा अरुंद, आणि जिच्याजवळ सळईच्या गंजाचा डाग नाही अशी. तिच्या अर्ध्या लांबीत जिवाणूंचे द्रावण आणि उरलेल्या अर्ध्या लांबीत नेहमीचे इंजेक्शन द्यावे, दोन्हींच्या कडेला तारीख लिहावी, आणि टाकी भरलेली असताना दर आठवड्याला ओलाव्याचा फोटो घ्यावा. हे काम डिसेंबरात सुरू केले, तर मार्चच्या सभेपुढे ठेवण्याजोगे फोटो हाती येतात आणि मे अखेरीपूर्वी बाकीच्या भेगांचे काम उरकता येते.