अ‍ॅडमंटाइन घ्यावं की मिथ्रल?

पाथफाइंडर या फासे टाकून खेळायच्या कल्पनारम्य भूमिका-खेळाच्या पहिल्या आवृत्तीत हे दोन खास धातू आहेत. पोलादाचा कठीणपणा, म्हणजे घावातून वजा होणारे गुण, 10, मिथ्रलचा 15, अ‍ॅडमंटाइनचा 20. अ‍ॅडमंटाइनची तलवार 20 पेक्षा कमी कठीणपणा जमेतच धरत नाही: पोलादी ढालीवर 12 चा घाव पूर्ण 12 लागतो, साध्या तलवारीचे जेमतेम 2. वर लोखंडी गोलेम (जादूने चालणारा पुतळा) प्रत्येक साध्या घावातले 15 गिळतो, या तलवारीने ते 15 ही वाया जात नाहीत. 3000 सोन्याची नाणी जास्त मोजायला हरकत नाही.

चिलखत घालून मंत्र टाकणाऱ्या जादूगाराला मात्र मिथ्रलच. वजन निम्मं, मंत्र फसण्याची शक्यता 10 टक्क्यांनी कमी. चेन शर्ट (कड्यांचं हलकं चिलखत) 20 टक्क्यांवरून 10 वर येतो. फसगत होते ती प्रशिक्षणात. मिथ्रलची फुल प्लेट (अंगभर पत्र्याचं जड चिलखत) वेगासाठी मध्यम चिलखत धरतात, पण प्रशिक्षण जड चिलखताचंच लागतं. ते नसेल तर चिलखताचा उणे 3 दंड हल्ल्याच्या फाशावरही बसतो.